बांगडीच्या मापाचं रिव्हॉल्व्हर

बारामतीच्या एका परवानाधारक बंदुकांच्या दुकानात मी उमेदीची सारी वर्षं घालवली, पण आजवर सशावरसुद्धा गोळी झाडलेली नाही. हे ऐकलं की पिंपळीतले माझे शेजारी हिरमुसतात. त्यांना दरोडेखोरांच्या गोष्टी हव्या असतात. माझ्याकडे आहेत त्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी, आणि बंदुकीचं गिऱ्हाईक चपलेच्या गिऱ्हाइकापेक्षा फारसं वेगळं नसतं. दोघांनाही आपल्या मापात न बसणारी वस्तूच नेमकी आवडते. चप्पल चावली तर माणूस निदान बोलून तरी दाखवतो.

आमच्या बागायती भागात रिव्हॉल्व्हर बाळगायचं ते बहुतेक वेळा झाडण्यासाठी नव्हे, दिसण्यासाठी. अर्ज, पोलिसांची चौकशी, हेलपाटे यांत वर्षं जातात. म्हणून परवाना हातात पडला की माणूस नवरदेवासारखा चार मित्र घेऊन दुकानात येतो. "सगळ्यात मोटं दाखवा," हे पहिलं वाक्य. एक बागायतदार तर हत्यार कमरेला लावून तासभर आरशासमोर उभे होते. शर्ट खोचून पाहिला, बाहेर काढून पाहिला, आणि शेवटी म्हणाले, "न्हाय ओ मिस्त्री, कायच दिसत न्हाय. घरच्यांना बी कळायचं न्हाय." दुसऱ्या एका गृहस्थांचं हत्यार निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात जमा होतं, तरी कमरेचं कातडी म्यान फुगलेलं. विचारलं तर आतून चष्म्याचं घर काढून दाखवलं. "रिकामं रिकामं वाटतंय ओ," म्हणाले.

दुकान शेठचं, मी तिथला मिस्त्री. स्प्रिंगा बदलायच्या, नळ्या साफ करायच्या, लाकडी मुठी घासून बसवायच्या, आणि शेठ नसले की विक्रीही करायची. या धंद्यातली अर्धी अक्कल हत्यारात नसते, हातात असते. हत्यार मुठीत धरलं की अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी मुठीच्या पाठीवर वरपर्यंत जाऊन बसली पाहिजे. नळी कोपरापासूनच्या हाडाच्या सरळ रेषेत आली पाहिजे. आणि एवढं करून तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज टेकलं पाहिजे. बोट पुरत नसलं की माणूस हात फिरवून चाप गाठतो, आणि मग नेम जातो शेजारच्या रानात.

हे बघायला गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यावा लागतो. पुरुषांचं ठीक आहे. मी मनगट धरायचो, अंगठा वाकवायचो, बोटं मोजायचो. पण बाई गिऱ्हाईक आली तर काय करायचं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. कारण बाई कधी आलीच नव्हती.

ती आली इंदापूरहून. नंदाताई नाव. हायवेवर त्यांचा पेट्रोल पंप. नवरा वारल्यावर पंपाचा कारभार त्यांनीच उचलला होता. एका संध्याकाळी रोकड घेऊन बँकेकडे निघाल्या असताना मोटरसायकलवरच्या दोघांनी पिशवीला हात घातला. यांनी पिशवी सोडली नाही, फरपटत गेल्या, पण सोडली नाही. परवान्याच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं "हत्यार कशाला पायजे?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी पदर सारून कोपरावरचा वण दाखवला म्हणे. परवाना मिळाला.

दुकानात त्या तीन माणसांनिशी आल्या असं म्हणायला हवं, कारण बरोबर सासरे आबा होते, आणि दीर बापूराव एकटेच दोघांच्या बरोबरीचे होते. सहा फूट उंची, गळ्यात साखळी, आवाज ट्रॅक्टरच्या वर जाणारा. नंदाताई त्यांच्या खांद्याच्याही खाली. हात एवढेसे.

"मिस्त्री, आमच्या दादाचं हुतं तसलं मोटं दाखवा," बापूराव म्हणाले. "न्हाय पेललं की आमी मोकळं."

मोकळं म्हणजे काय ते आबांनीच सांगितलं. आबा पांढऱ्या टोपीतले, कमी बोलणारे. "ह्यो म्हनतोय, हत्यार बाईला पेलायचं न्हाय, आन् हत्याराबिगर रोकड न्यायची न्हाय. मंग पंप ह्याच्याकडं द्यायचा. ती म्हनतीया, मला जमतंय. मी म्हनलं, बघू. दसऱ्याच्या आदी रेंजवर पाच गोळ्या मारायच्या. तीन कागदावर बसल्या तर पंपाच्या चाव्या तिच्याकडं. न्हाय बसल्या तर बापूकडं."

"आमी काय हातात बांगड्या भरल्यात व्हय, बाईच्या कमरंला हत्यार लावायला?" बापूराव बोलून गेले.

नंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "पंपावर धा मानसं कामाला हायती. नवरा गेल्यापास्नं मी एक दिस पंप बंद ठिवला न्हाय. माझ्या हाताला बसंल असं काढा."

मी मोठं रिव्हॉल्व्हर काढलं. रिकामं असल्याची खात्री करून त्यांच्या हातात दिलं. बोट चापापर्यंत पोचेचना. बेचकी कुठं बसतेय ते बघायला मी सवयीनं हात पुढे केला, आणि आबांची टोपी सरळ झाली. हात तसाच हवेत ठेवून मी स्वतःचा कान खाजवला. आता माप घ्यायचं कसं? बापूराव म्हणाले, "लांबून सांगा." लांबून सांगायला मी काय हवामान खातं होतो?

आमच्या दुकानाला लागून गजाभाऊ कासारांचं बांगड्यांचं दुकान. मधे एकच भिंत. परक्या बाईचा हात सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर, भर बाजारात हातात घेण्याचा अधिकार आपल्याकडे एकाच माणसाला आहे, तो म्हणजे कासार. मी भिंतीवर थाप मारली.

गजाभाऊ आले ते तोऱ्यातच. बायकांचा हात दाबून माप सांगण्यात त्यांचा हातखंडा होता आणि तो त्यांना स्वतःला कोणापेक्षाही जास्त माहीत होता. "आवं, हात दाबला की बाई भांडखोर का सोशीक, ते बी सांगतो मी," ही त्यांची नेहमीची फुशारकी. स्वतःच्या बायकोचा स्वभाव त्यांना लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळला, हे आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं.

नंदाताईंनी हात पुढे केला आणि थोडा मागे घेतला. हात मोकळा होता. नवरा गेल्यापासून त्या हाताला कासार लागला नव्हता. गजाभाऊंनी तो हात घेतला आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे रस्त्याकडे बघत भलतंच बोलायला लागले, "औंदा पावसानं बरं केलंय न्हवं का इंदापूरकडं?" बोलता बोलता अंगठा आत दुमडला, करंगळीखालचं हाड दाबलं, आणि जाहीर केलं, "दोन-चार! लेकराचा हात हाय."

दोन-चार म्हणजे बांगडीचं लहान माप. मग काय, सगळ्यांचंच ठरलं की बारक्या हाताला बारकं हत्यार. कपाटात एक अगदी छोटं, हलक्या धातूचं रिव्हॉल्व्हर होतं. नंदाताईंच्या हातात ते असं बसलं की आबांनी मान डोलावली, गजाभाऊंनी "बघा!" म्हटलं, आणि मीही भुललो. खरं तर धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं की हलकं हत्यार जास्त उडतं. गोळी तीच, दारू तीच, मग धक्का जाणार कुठे? जड हत्यार निम्मा धक्का स्वतः खातं, हलकं सगळाच्या सगळा मनगटाला देऊन मोकळं होतं. पण कुंकवाच्या करंड्याएवढी ती वस्तू त्यांच्या हातात इतकी शोभत होती की माझं ज्ञान माझ्यापाशीच राहिलं.

दुकानात गोळी झाडता येत नाही. त्यासाठी माळरानावर एका रायफल क्लबची रेंज होती. मागे मातीचा उंच बांध, पुढे कागदाची चौकट. तिथले प्रशिक्षक म्हणजे एक निवृत्त सुभेदार, जे घरच्या कुत्र्यालाही 'सावधान' म्हणत. क्लबकडे तशीच छोटी, मोठी, मधली अशी सगळी हत्यारं होती, त्यामुळे घेण्याआधी तिथे सराव करून बघता येई.

नंदाताईंनी छोट्यानं पहिली गोळी झाडली. आवाज असा की सुभेदारांची टोपी उडाल्याचा मला भास झाला. नळी थेट आभाळाकडे गेली आणि नंदाताई मनगट धरून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"आमच्या म्हशीनं एकदा लाथ मारली हुती," त्या म्हणाल्या. "ती बरी म्हनायची. तिनं आदी कान तरी टवकारलं हुतं."

पाचांपैकी एकही कागदाला लागली नाही. दुसऱ्या गोळीपासून तर त्या धक्का बसायच्या आधीच डोळे मिटायला लागल्या, आणि हे एकदा अंगात भिनलं की काढता काढता नाकी नऊ येतात. बापूराव गाडीला टेकून शीळ घालत होते. परतताना त्यांनी मला दुकानापाशी सोडलं. मी उतरताना नंदाताई म्हणाल्या, "मिस्त्री, चाव्या गेल्या तर मी घरात बसून काय करू?"

त्या रात्री मला झोप लागेना. सकाळी बायको उघड्या तळव्यानं भाकरीचं पीठ मळताना दिसली, तेव्हा चूक कुठे झाली ते कळलं. गजाभाऊंनी माप घेतलं होतं दुमडलेल्या हाताचं. बांगडी चढवताना हात चिंचोळा करतात, अंगठा आत घेतात. हत्यार धरताना हात उघडतो. बांगडीला हाताचं हाड कळतं, बोटाची लांबी कळत नाही, तळव्याची ताकद तर मुळीच नाही. आम्ही तीन शहाण्यांनी बाईला रिव्हॉल्व्हर नव्हे, बांगडी निवडून दिली होती!

मी इंदापूरची एस.टी. पकडली. पंपावर ट्रकांची रांग होती. नंदाताई एका ड्रायव्हरला झापत होत्या, कारण तो टाकी भरताना बिडी ओढत होता. ड्रायव्हर त्यांच्या दुप्पट होता आणि बिडी चपलेखाली चिरडत "चुकलं ताई" म्हणत होता.

मी म्हटलं, "ताई, मागच्या घरात कणीक आहे का मळलेली?"

"भूक लागली का? बसा, चपाती टाकते."

"खायला नको. धरायला हवी."

मी घट्ट कणकेचा लांबट गोळा करवून घेतला, बोट ठेवून चाप कुठे येईल ते सांगितलं आणि म्हटलं, "रिव्हॉल्व्हर समजून दाबा." त्यांनी असा दाबला की पाची बोटांचे ठसे आरपार उमटले. बघितलं तर बोटं खरंच आखूड, पण तळवा जाड आणि पकड मजबूत. पंपाची जड नळी उचलून उचलून कमावलेली. म्हणजे या हाताला हत्याराचं वजन जड नव्हतं. जाडी जड होती. मोठ्या रिव्हॉल्व्हरची मूठ जाड म्हणून बोट पुरत नव्हतं, आणि छोट्याला अंगच नाही म्हणून धक्का सोसत नव्हता. हवं होतं मधलं, म्हणजे आखूड नळीचं पण पोलादी, अंगानं भरलेलं, आणि त्याला या कणकेसारखी बारीक मूठ.

निघताना त्यांना जुन्या ट्यूबच्या रबराचा एक जाड तुकडा दिला. "गल्ल्यावर बसल्या बसल्या हा दाबत राहा. दोन्ही हातांनी."

ती कणकेची मूठ डब्यात घालून मी एस.टी.त बसलो. डबा मांडीवर असा जपून धरलेला की कंडक्टरनं विचारलंच, "काय हाय त्यात एवढं?"

"बाईचा हात," मी विचारातच बोलून गेलो.

बारामती येईपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

त्या ठशावरून मी शिसवी लाकडाची मूठ घासली. पाठीकडून पातळ केली, तळव्याकडे थोडी फुगवली. सुभेदारांनी क्लबच्या मधल्या रिव्हॉल्व्हरवर ती बसवायला परवानगी दिली. मग नंदाताई सरावाला येऊ लागल्या. आधी कितीतरी वेळा नुसत्या रिकाम्या हत्याराचा चाप ओढायचा, नळीवर सुपारी ठेवून, ती न पाडता. डोळे मिटायची सवय गेली. मनगटात धक्का येई, पण आता तो दार ठोठावल्यासारखा, लाथेसारखा नाही.

आबांनी ठरवलेल्या दिवशी रेंजवर सगळे हजर होते. आबा कडुलिंबाखाली खुर्चीवर. गजाभाऊ दुकान बंद करून आलेले, कारण मापाची चूक त्यांच्या जिव्हारी लागली होती आणि ती माझ्या तोंडून बाजारात गेली होती. नंदाताई एका बाजूला उभ्या. ट्यूबचा तुकडा अजून हातात होता.

"आदी मी दावतो कसं मारायचं," म्हणत बापूरावांनी क्लबचं सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर उचललं. सुभेदारांनी कानाला संरक्षण दिलं, उभं राहणं सुधारलं, चार वेळा 'सावधान' म्हटलं. बापूरावांनी एक डोळा मिटला. हात वळवळला. गोळी कागदाच्या कितीतरी अलीकडे जमिनीत शिरली आणि मातीचा फवारा उडाला. माळावरच्या टिटव्या ओरडत उठल्या. दुसरी बांधात. तिसरीनंतर सुभेदारांनी हत्यार काढून घेतलं.

गजाभाऊंना राहवलं नाही. धंद्याची खोड. त्यांनी पुढे होऊन बापूरावांचा हात धरला, रस्ता नव्हता म्हणून टिटव्यांकडे बघितलं, हाड दाबलं, आणि ओरडले, "दोन-चार! आवं, वैनींचंच माप!"

एवढ्या मोठ्या देहाला एवढेसे हात असतील हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापूरावांनी हात झटकन खिशात घातले. सुभेदार वळून खोकायला लागले. आबा मात्र हसले नाहीत. "सरक बापू," म्हणाले. "तिला मारू दे."

नंदाताई उभ्या राहिल्या. पहिली गोळी कागदाच्या कोपऱ्यात. दुसरी बाहेर. तिसरी कागदावर, बऱ्यापैकी मधे. चौथी गेली बांधात. आता एकच. मूठ माझी होती, आणि ती बाईच्या हातून चाव्या घालवणार असं मला स्पष्ट दिसायला लागलं. नंदाताईंनी हत्यार खाली घेतलं. उजवा तळवा पदराला पुसला. पुन्हा धरलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बार झाला.

कागदावर काही दिसेना. बापूराव म्हणाले, "गेली." सुभेदारांनी हत्यार रिकामं करून ठेवलं, सगळ्यांना पुढे जायची खूण केली. आबा काठी टेकत टेकत स्वतः गेले. चौकटीजवळ वाकले. कागदाच्या अगदी कडेला अर्धं भोक होतं, अर्धं कागदात, अर्धं हवेत.

"निम्मंच हाय," बापूराव म्हणाले.

आबांनी त्या अर्ध्या भोकात करंगळी घातली. "गोळी निम्मी लागली म्हनून मानूस निम्मा मरतो व्हय रं?" मग नंदाताईंकडे वळले. "चाव्या तुझ्याकडंच ठिव."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरची तिघं हत्यार न्यायला आली. कागदपत्रं झाली, परवान्यावर नोंद झाली. ते मधल्या मापाचं पोलादी रिव्हॉल्व्हर मी माझी मूठ बसवून त्यांच्या हवाली केलं. आबांनी सांगितलं, घरातल्या हत्याराची पूजा जो करतो तो घरचा कर्ता, ही आमच्या घराची रीत. उद्या पूजा सूनबाई करील. बापूराव आमच्या कपाटाच्या आडोशाला येऊन पुटपुटले, "मिस्त्री, मी बी अर्ज टाकलाय. तसल्याच मुठीचं ध्यानात ठिवा. पर बोभाटा नको." मी कणीक घेऊन या म्हटलं.

बाहेर पडल्यावर आबा गाडीकडे न जाता शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

"गजा, सूनबाईचं माप तुला ठाव हाय."

गजाभाऊ पेटी उघडता उघडता थांबले. नंदाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "आबा, लोक काय म्हनतील?"

"लोकांना मी बघतो. हत्यारात गोळ्या भरलेल्या चालत्यात, आन् हातात बांगड्या भरलेल्या न्हाय चालत?" आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझा ल्योक गेला. तुझे हात गेलं न्हाईत."

मी माझ्या दारातच उभा होतो. चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिलो.

नंदाताई बसल्या. गजाभाऊंनी हिरव्या काचेच्या दोन-चारच्या बांगड्या काढल्या, हात धरला, रस्त्याकडे बघत पावसाचं बोलायला सुरुवात केली. बांगडी हाडापाशी अडली. पुन्हा लावून बघितली. पुन्हा अडली. गजाभाऊंनी बोलणं थांबवलं आणि कदाचित आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाताकडे नीट बघितलं. ते ट्यूबचं रबर दाबून दाबून तळवा भरला होता.

"ताई," ते म्हणाले, "तुमाला आता दोन-सहा लागंल."

त्यांनी वरच्या फळीवरून दुसरा डबा काढला. डाव्या हातात डझनभर भरल्या. उजवा हात घेतला तेव्हा नंदाताईंनी डोळे पुसले आणि त्यांना थांबवलं.

"ह्या हातात दोनच भरा, गजाभाऊ. जास्त खुळखुळल्या तर नेम जातो."